मरीच्या वाफ्यातल्या नांग्या

१२ जानेवारी

मुंगे,

तू पुन्हा अर्ज केला आहेस हे मला एका परक्या बाईच्या तोंडून कळलं. याचं वाईट वाटून घ्यायचा तुम्हाला हक्क नाही, असं तुझी आई म्हणते. पण वाटून झाल्यावर हक्काचं काय करायचं?

काल सकाळी बाई आल्या. संशोधन केंद्राच्या चौकशी समितीतल्या. पायात बूट, काखेत फाइल. मी तेव्हा गॅसचं बटण बंद आहे की नाही ते तिसऱ्यांदा बघत होतो, म्हणून दार आईने उघडलं. बसायच्या आधीच बाईंनी सांगून टाकलं, "टोमॅटोच्या एकशे बारा नंबरच्या वाणाची फाइल परत उघडली आहे. डॉक्टर मॅडमच्या सेवापुस्तकात आकडे बनवल्याचा शेरा आहे. तो काढावा असा त्यांचा अर्ज आहे. निघाला तर त्यांना पुन्हा संशोधनाचं काम मिळेल, नाही तर जन्मात नाही. त्या वाफ्यावर तुम्हीच होतात ना?"

"होतो."

"चार वर्षांपूर्वी तुम्ही ‘आठवत नाही’ म्हणालात."

"वय झालं बाई."

"म्हणून तर आले. अजून होईल."

आई आतून फिसकन हसली. तिला हसायला वेळकाळ लागत नाही.

भिंतीवर तुझा पदवीचा फोटो आहे. बाई होत्या तितका वेळ मी त्याला पाठ लावून उभा राहिलो. त्यांना वाटलं असेल, म्हाताऱ्याचे गुडघे वाकत नाहीत. तू माझी कोण हे त्यांना ठाऊक नाही. केंद्रात कुणालाच नव्हतं. तुझं आडनाव सासरचं. नवरा टिकला नाही, आडनाव टिकलं, आणि त्याच्या आडोशाला आपण दोघांनी नऊ वर्षं एका आवारात काढली.

बाई जबाबाचा छापील कागद ठेवून गेल्या. फेब्रुवारी संपायच्या आत भरून द्यायचा. तो मी कपाटावर ठेवला. उडेल म्हणून गादीखाली ठेवला. चुरगळेल म्हणून परत कपाटावर ठेवला. आता त्याच्यावर पितळी तांब्या आहे.

तिकडे तू कुठल्याशा गोदामात बियांची पाकिटं भरतेस, असं तुझ्या मैत्रिणीने आईला सांगितलं. खरं आहे का? उमलायच्या आदल्या दिवशी फूल हातात घेऊन, चिमट्याने त्यातले केसर असे काढायचीस की पाकळीलासुद्धा कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या झाडाचा पराग लावून देठाला रंगीत दोरा. सकाळी सहापासून दहापर्यंत, नऊ वर्षं. त्या हातांनी पाकिटं?

हे पत्र रजिस्टरने टाकतो. पोच आली म्हणजे मिळालं असं समजेन. उत्तराचं तुझं तू बघ.

तुझा बाप

२२ जानेवारी

मुंगे,

पोच आली. सही तुझीच, घाईघाईतली. बाकी शुकशुकाट.

बरं. मग मीच बोलतो. तू माझ्यावर चार वर्षं रुसली आहेस, कारण चौकशीत मी तुझ्या बाजूने तोंड उघडलं नाही. मलाही काही बोलायचं आहे. तू मला मामा म्हणायचीस. केंद्रात शिपाई मामा, माळी मामा, फील्डमन मामा, हे मान्य. पण तू? बदली होऊन आलीस त्या पहिल्या दिवशी सगळ्या साहेबांसमोर म्हणालीस, "मामा, वाफे दाखवा." मी टोपी काढून म्हटलं, "या मॅडम." नऊ वर्षं तेच. संध्याकाळी घरी आलो की आई विचारायची, "काय म्हणाली आज तुमची भाची?" आणि दर रविवारी तू मागच्या दाराने जेवायला यायचीस, चपला हातात घेऊन. मॅडम फील्डमनच्या घरात शिरताना कुणी पाहायला नको म्हणून.

पाच वर्षांची होतीस तेव्हा हे काही नव्हतं. जुन्या केंद्रात तू माझ्या मागे मागे रांगेतून चालायचीस आणि रोपं मोजायचीस. मध्ये कुणी हाक मारली की आकडा विसरायचीस आणि रडत पुन्हा पहिल्या रोपापासून. मुंगीला काडी आडवी घातल्यासारखी. रोप मेलं की रांगेत जी रिकामी जागा राहते तिला नांगी म्हणतात, हे तुला कुठल्या प्रोफेसरने शिकवलं नाही, सातवी पास बापाने शिकवलं. नांगी दिसली की त्याच दिवशी तिथे नवं रोप लावायचं. मी चाळीस वर्षं तेच केलं. पाहुणे यायचे, मोठे साहेब रांगांकडे हात करून म्हणायचे, "बघा, एक नांगी दाखवा." नांगी म्हणजे फील्डमनच्या तोंडातला पडका दात.

तर आता ऐक. जबाबाच्या कागदावर लिहिण्याआधी तुला लिहितो.

मरीचा वाफा आठवतो ना? आठवतो काय म्हणतो मी. त्या वाफ्याच्या मातीत मर रोग मुद्दाम मुरवून जिवंत ठेवलेला. जो वाण तिथे तगेल तोच खरा. दर तीन रांगांनंतर एक रांग नाजूक वाणाची. ती मेलीच पाहिजे, म्हणजे रोग जागा आहे हे कळतं. आम्ही तिला बळीची रांग म्हणायचो. तुझ्या एकशे बाराच्या तीन रांगा, रांगेत चाळीस रोपं. साठाव्या दिवशी तू मोजायचीस. मधली देखरेख माझी.

पहिल्या वर्षी पंचेचाळीसाव्या दिवशी अकरा रोपं माना टाकून पडली. पिशव्यांत वाढवलेली जादा रोपं होती, तुझ्याच वाणाची, चांगल्या मातीतली. मी ती अकरा जागी लावली. मला समजलं नाही गं. रिकामी जागा दिसली, हात गेला. साठाव्या दिवसापर्यंत त्यांना रोग धरायला वेळच मिळाला नाही. तू मोजलीस एकशे वीस. नाचायची बाकी राहिली होतीस.

अडाणी माणसाची चूक आहे. तेवढीच समज.

बाबा

४ फेब्रुवारी

मुंगे,

पोच आली. उत्तर नाही. या खेपेला सही कुणा दुसऱ्याची आहे. तू आजारी आहेस का? की पत्र घ्यायलाही आता माणूस ठेवलास?

दोन आठवडे मला झोप नाही. आई म्हणते, "पोटात काय आहे ते ओका एकदाचं, नाहीतर त्या कागदावरचा तांब्या तरी खाली घ्या, मला पाणी भरायचं आहे." तिला मी अजून काही सांगितलेलं नाही.

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी खोट्या लिहिल्या.

पहिली मामाची. तू मला मामा म्हणालीस, कारण मीच तुला तसं सांगितलं होतं. तुझ्या बदलीचा हुकूम आला त्या दिवशी मीच म्हटलं, नातं कळलं तर नियमाप्रमाणे मला तुझ्या वाफ्यांवरून हलवतील, आणि तुझी रोपं मी दुसऱ्या कुणाच्या हातात देणार नाही. तू म्हणालीस, "बाबा, मला नाही जमायचं." मी म्हटलं, "मला जमतं तर तुला काय झालं?" तू आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडलीस. हे मला चांगलं आठवतं, आणि तरी मी तसं लिहिलं. माणूस एकटा बसला की आपल्या सोयीचं आठवतो.

दुसरी गोष्ट दुसऱ्या वर्षाची. चाचणी दोन वर्षांची असते हे तू विसरली नसशील. मी मात्र एकाच वर्षाचं लिहून मोकळा झालो.

पहिल्या वर्षीच्या आकड्यावर मोठे साहेब काय म्हणाले, ते मी चहाचे कप उचलताना ऐकलं. "बोलाफुलाला गाठ पडली. यंदा बघू पोरीचं पाणी." दुसऱ्या वर्षी उन्हाचा ताव जास्त होता. अठ्ठेचाळीसाव्या दिवशी तुझी अडतीस रोपं गेली होती. अडतीस! तू परिषदेला गेलेली. मी बांधावर बसलो. एकशे वीसातली ब्याऐंशी मांडली तर पहिल्या वर्षाचे एकशे वीस कुठून आले, असं कुणीही विचारणार. तू मला विचारणार. मग उठलो. अडतीस रोपं लावली, जुन्या काठ्यांना बांधली, मोजणीपर्यंत रोज बुडाशी पाणी घातलं, वरून कोरडी माती भुरभुरली. समजून उमजून. पहिल्या वर्षी हात आपोआप गेला असेल, दुसऱ्या वर्षी मी त्याला नेला.

वाण मान्य झाला. वर्तमानपत्रात तुझा फोटो आला, हातात फळांची फांदी. दोन हंगाम झाले आणि जिथे तिथे एकशे बारा उभा वाळला. चौकशी लागली. तू एका दुपारी अवजारांच्या खोलीत आलीस, दार लोटलंस आणि म्हणालीस, "बाबा, माझ्या वाफ्याला कुणी हात लावला होता का?" केंद्राच्या आवारात तू मला बाबा म्हणालीस ती तेवढी एकच वेळ. आणि मी काय सांगितलं? "मोजणीच्या आदल्या आठवड्यात गॉगलसाहेब संध्याकाळी तिथे घुटमळत होते."

ते शेजारच्या वाफ्यावरचे साहेब, उन्हात कायम काळा गॉगल लावणारे. तुमच्या दोघांचे वाण एकमेकांशी झगडत होते म्हणून ते नाव माझ्या जिभेवर आलं. तू समितीपुढे त्यांचं नाव घेतलंस. त्यांनी टेबलावर इस्पितळाचे कागद ठेवले. तो सबंध आठवडा ते बायकोच्या खाटेशी होते. मग मला बोलावलं. कागद समोर, तू समोर. मी म्हटलं, "आठवत नाही."

तू माझ्याकडे पाहिलंस. तुला वाटलं बाप घाबरला, साहेबाविरुद्ध बोलेना. चार वर्षं तू त्यासाठी रुसलीस. त्याहून मोठं कारण होतं, ते मी तुझ्यापासून लपवलं.

आज कागद भरला. दोन्ही वर्षं लिहिली, गॉगलसाहेबांवर आळ मी रचला हेही, तुला यातलं काही माहीत नव्हतं हेही. खाली एक रकाना आहे, अर्जदाराशी नातं. मागच्या वेळी मी तिथे आडवी रेघ मारली होती. या वेळी ‘वडील’ लिहिलं.

आईला वाचून दाखवला. ती पाणी भरायची थांबली. मग म्हणाली, "पोरीचं वाटोळं करायला तुम्हाला दुसऱ्या कुणाचं शेत मिळालं नाही?" तेव्हापासून ती माझ्याशी बोललेली नाही.

बाबा

२५ फेब्रुवारी

मुंगे,

तुझंच दैव माझ्याही वाट्याला आलं आहे. खरं सांगितलं आणि कुणी खरं धरेना.

बाईंनी केंद्रात बोलावलं. फाटकावर नवा पहारेकरी, त्याने नाव विचारलं, काम विचारलं. माझ्या हातचं ते जाळीचं कुंपण, आणि मला विचारतो काम काय. असो. बाईंनी जबाब दोनदा वाचला. मग रकान्यावर बोट ठेवलं.

"वडील?"

"हो."

"नऊ वर्षं एकाच ठिकाणी? आणि कुणी बोललं नाही?"

"मामा होतो बाई."

त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "तुमचं सगळं खरं असेल. पण बाप मुलीसाठी काय वाटेल ते लिहून देईल, असंच समिती म्हणणार. हे नातं त्यांच्या बदलीच्या वेळीच सांगितलं असतंत तर तुम्ही त्या वाफ्यात नसता. आता लिहिलंत म्हणून तुमचा जबाब उभा राहत नाही. तुम्हाला रोपं लावताना पाहिलेलं दुसरं कुणी आहे?"

कोण असणार? मी दुपारची वेळ साधली होती, सगळे जेवायला गेल्यावर.

तरी मी गॉगलसाहेबांकडे गेलो. साक्षीसाठी नव्हे. आळ माझा होता, निदान तोंडावर सांगावं म्हणून. निवृत्त झालेत. दुसऱ्या मजल्यावर राहतात, जिन्याचा एक दिवा गेलेला. बायको गेली, त्याच आजारात. दार त्यांनीच उघडलं. घरात गॉगल नव्हता. डोळे बारीक आहेत, पाणी येणारे. मोतीबिंदूच्या आधीपासून ऊन सोसत नव्हतं म्हणे. आम्ही सगळे त्याला ऐट समजायचो.

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. मग म्हणाले, "बसा मामा. हे मला ठाऊक आहे."

मला खुर्ची सापडेना.

"रजेवर जायच्या आदल्या दिवशी दुपारी मी डबा विसरलो म्हणून परत आलो. तुम्ही तिच्या रांगेत होतात, शेजारी पिशव्यांची टोपली."

"मग चौकशीत बोलला का नाहीत साहेब?"

"मला विचारलं काय? तुम्ही वाफ्याला हात लावला का? मी म्हटलं, नाही. बायको मरणाच्या दारात, आणि ती मॅडम माझं नाव घेते. मी कशाला तिला वाचवू? आणि मला वाटलं, मॅडमने सांगितलं असेल, मामाने केलं असेल. फील्डमन स्वतःच्या मनाने अडतीस रोपं लावतो होय?"

मी म्हटलं, "माझ्या मनानेच लावली साहेब. मी अडाणी, मला वाटलं नांग्या आहेत..."

"मामा," ते म्हणाले, "बळीच्या रांगेत तर एक रोप उरलं नव्हतं. तिथल्या नांग्या नाही भरल्यात तुम्ही."

त्यांनी पाणी दिलं. स्वतःच्या हाताने, मला.

शेवटी म्हणाले, "पाहिलं ते मी लिहून देतो. तुमच्यासाठी नाही आणि तिच्यासाठी तर नाहीच. माझ्या नावावरचा डाग फाइलमध्ये आहे, तो मला जायच्या आधी पुसायचा आहे. पण तिला माहीत नव्हतं, हे मी लिहिणार नाही. ते मला माहीत नाही. मला दुरून, डोळ्यांत पाणी असताना, ओली माती दिसली होती. तिला जवळून दिसली नसेल?"

"नाही दिसली," मी म्हटलं. लगेच म्हटलं. फार लगेच म्हटलं.

जिना उतरताना मधल्याच पायरीवर बसलो. दिवा नव्हता म्हणून.

बाबा

२१ मार्च

मुंगे,

तुला कळलं असेलच, पण मी लिहितो. शेरा निघाला. बाईंनी स्वतः येऊन नक्कल दिली. साहेबांची साक्ष आणि माझा जबाब जुळतो, असं लिहिलं आहे. गॉगलसाहेब निर्दोष. खोटेपणा फील्डमनचा. आणि मग तुझी ओळ, शाईने अधोरेखित: "सदर प्रकार अर्जदाराच्या माहितीशिवाय घडला." खाली तीन सह्या, शिक्का. तुला पुन्हा वाफा मिळेल, चिमटा मिळेल, सहायक मिळेल. सहायकाकडे नीट लक्ष ठेव.

भिंतीवरचं माझं उत्तम फील्डमनचं प्रमाणपत्र केंद्राने परत मागितलं. मी देऊन आलो. चौकटीचा चौकोन भिंतीवर तेवढा पांढरा राहिला आहे. आईने त्याकडे पाहिलं आणि दीड महिन्यात पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "कॅलेंडर लावा तिथे."

गॉगलसाहेबांना दोन ओळी लिही. मला नाही लिहिल्यास तरी चालेल, त्यांना लिही. त्यांची बायको खाटेवर असताना आपण दोघांनी त्यांना फरपटलं.

आता मला एक विचारायचं आहे. नक्कल हातात आल्यापासून मी ते विचारायचं नाही असं ठरवतो आहे, आणि रोज सकाळी पेन हातात घेतो.

दुसऱ्या वर्षीची मोजणी. तू पुढे, मी पाटी घेऊन मागे. दुसरी रांग. सतराव्या रोपापाशी तू वाकलीस. बुडाशी बोट खुपसलंस. वरची कोरडी माती बाजूला झाली, खाली ओली होती. मला माझ्या जागेवरून दिसली. तू बोट वर काढून पाहिलंस. तू ते बोट ओढणीला पुसलंस आणि म्हणालीस, "सतरा. जिवंत." मी लिहून घेतलं. मग शेवटपर्यंत तू एकदाही वाकली नाहीस. उभ्यानेच मोजलंस, भराभर, आणि माझ्याकडे बघितलं नाहीस.

इतकी वर्षं मी हे आठवलं नाही. आठवायचं नव्हतं म्हणून असेल. साहेबांच्या जिन्यात आठवलं.

आणि अवजारांच्या खोलीत तू दार लोटून मला विचारलंस, वाफ्याला कुणी हात लावला होता का. तेव्हा तू खरंच विचारत होतीस, की मी कबूल व्हावं म्हणून मला जागा करून देत होतीस? मी ती जागाही भरून टाकली, दुसऱ्याच्या नावाने. आणि तू ते नाव घेऊन समितीपुढे गेलीस.

तुला माहीत होतं का, मुंगे?

नको, लिहू नकोस. "नाही" असं आलं तर माझा विश्वास बसणार नाही. आणि "हो" असं आलं, तर मला परत बाईंकडे जावं लागेल.

बाबा